शब्बीरभाईंच्या झाडावरचे कोळी

मी जिवंत असल्याचं सिद्ध करायला बँकेत गेलो होतो, तेव्हा शब्बीरभाई गेल्याचा फोन आला. नोव्हेंबर हा आम्हा पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. यवतमाळच्या आमच्या बँकेत सकाळपासून म्हाताऱ्यांची रांग लागलेली होती आणि माझा अंगठा काही केल्या त्या यंत्राला पटत नव्हता. आयुष्यभर खडू धरून रेषा झिजल्या असतील, असं काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली. मी अंगठा पँटला पुसत होतो, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. नसरीन होती, शब्बीरभाईंची मुलगी. "सर, अब्बा गेले," एवढंच ती बोलली. मग म्हणाली, "सकाळी दुकान उघडलं, चहा घेतला, अन् बाकड्यावर आडवे झाले. मी उठवाले गेली त..." उतरत्या दुपारी असरच्या नमाजानंतर मिट्टी, म्हणजे दफन आहे, येता का, असं तिने विचारलं. त्यानंतर अंगठा एकदाचा लागला, मी जिवंत ठरलो आणि राळेगावची एसटी पकडली.

याला आता दोन महिने होत आले. लिहावं की नाही, हे ठरवण्यातच ते गेले. शब्बीरभाई काही नामांकित गृहस्थ नव्हते. राळेगावच्या स्टँडजवळ एका जुन्या कडुलिंबाखाली त्यांचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं. मोबाइल आल्यावर घड्याळं गेली, तेव्हा नसरीनने अर्ध्या दुकानात मोबाइलची कव्हरं आणि चार्जर मांडले. उरलेल्या अर्ध्यात शब्बीरभाई, त्यांची काचेची पेटी, चिमटे आणि बंद पडलेल्या घड्याळांचा एक डबा. मी त्याच गावातल्या कॉलेजात तीसेक वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. प्राणिशास्त्र मी शिकवलं हे खरं, पण एका प्राण्याकडे नीट पाहायचं कसं, ते मला या माणसाने शिकवलं. आणि मी त्यांची परतफेड कशी केली, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे. नुसते गोडवे गाणं मला जमणार नाही.

पहिली भेट आठवते. सासऱ्यांचं घड्याळ घेऊन मी गेलो, तर दुकानात कोणी नाही. घड्याळवाला कडुलिंबाच्या खोडाकडे तोंड करून उभा, डोळ्याला ते घड्याळजींचं भिंग अडकवलेलं, आणि दोन्ही हात पाठीमागे. मी दोनदा खाकरलो. मागे न वळता ते म्हणाले, "थांबा जी, एक मिनिट. नवरदेव निघाला हाय." मी चष्मा सावरून पाहिलं. सालीच्याच रंगाचा, राखाडी-करडा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा कोळी. पुढचे दोन पाय वर धरून तो डावीकडे चार पावलं, उजवीकडे चार पावलं असा सरकत होता. वीतभर अंतरावर मादी बसलेली, नवरदेवाकडे रोखून पाहणारी. पाय जरा चुकीचा पडला की ती अंगावर धावून यायची, तो मागे उडी मारायचा आणि पुन्हा पहिल्यापासून नाच सुरू. एका मिनिटाची वीस मिनिटं झाली. माझा तास बुडाला. शेवटी मादीने त्याला झिडकारलं आणि ती सालीच्या फटीत शिरली. शब्बीरभाईंनी भिंग काढलं, माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाले, "आज नाई जमलं त्याचं. उद्या येईन बिचारा परत. आना, घडी दाखवा."

हा जाळं विणून बसणारा कोळी नव्हे. हा शिकारी. झाडावर हिंडतो, डोळ्यांनी माशी हेरतो, मांजरासारखा दबकत जातो आणि उडी घेतो. हे सगळं मी पुस्तकातून शिकवत होतोच. पण शब्बीरभाईंनी दुसऱ्या का तिसऱ्या भेटीत मला विचारलं, "सर, याच्या मधल्या मोठ्या डोळ्यात काय हालते? आता काळा दिसते, आता भुरा दिसते." मी मास्तर. मला माहीत नाही असं म्हणायची सवय नाही. उजेडाचा खेळ असतो, असं ठोकून दिलं. त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं, तेव्हाच त्यांना पटलं नाही हे कळलं. आठवडाभर टोचत राहिलं, म्हणून ग्रंथालयात बसून वाचून काढलं. शब्बीरभाई बरोबर होते. या कोळ्याच्या मोठ्या डोळ्यांची भिंगं जागची हलत नाहीत, त्यांच्या मागच्या नळ्या आतल्या आत फिरतात. तो आपल्याकडे पाहतो तेव्हा समोरून काळा डोळा दिसतो, नजर दुसरीकडे वळवली की फिका दिसतो. मी जाऊन तसं कबूल केलं. ते हसले. "म्हनजे काळा दिसते तवा थो आपल्याले पाहून राह्यला. मले वाटलंच होतं." त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे रोज जाऊ लागलो.

त्यांचा एकच नियम होता. हात मागे. खोडापासून दोन हात दूर उभं राहायचं आणि काहीही करायचं नाही. कोळी उडी मारण्याआधी बुडाशी धाग्याचा ठिपका चिकटवतो आणि मगच झेप घेतो. उडी हुकली तर त्या धाग्याला लोंबकळतो, आणि धागा धरून परत वर. हे त्यांनी मला दाखवलं आणि म्हणाले, "आपले पोट्टे पाहा, बिनदोराच्या उड्या मारतात." उन्हाळ्यात राळेगावात दुपारी कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही. तेव्हा ही मंडळी काय करतात, हे त्यांनी तीन उन्हाळे बसून पाहिलं होतं. सावली खोडाभोवती फिरते तसे कोळीही फिरतात. सकाळी मावळतीच्या बाजूला, दुपार कलली की उगवतीच्या बाजूला. एखाद्या गिऱ्हाइकाने किती वाजले विचारलं, तर भिंतीवर डझनभर घड्याळं असूनही ते उठून झाड पाहून यायचे आणि "तीन वाजून गेले" म्हणायचे. गिऱ्हाईक त्यांना खुळं समजायचं. पावसाळा संपत आला की माद्या सुटलेल्या सालीखाली रेशमाची पांढरी पिशवी विणायच्या, त्यात अंडी घालायच्या आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत दाराशी बसून राहायच्या. त्या दिवसांत शब्बीरभाई सायकलसुद्धा झाडाला टेकवू देत नसत.

मला मात्र नुसतं पाहून चैन पडेना. मी काचेची बरणी आणली. त्यांनी ती बाजूला ठेवून दिली, पुढे नसरीनने तिच्यात साखर भरली. मी म्हणालो, याची जात ठरवायला हवी, त्यासाठी एक-दोन नमुने स्पिरिटमध्ये घालावे लागतील. ते म्हणाले, "मारून मंग नाव ठेवाचं? राहू द्या जी. बिननावाचेच बरे." मी विद्यार्थ्यांची सहल आणली, तर चाळीस पोरांच्या गर्दीने तीन दिवस एकही कोळी बाहेर आला नाही. प्रत्येक वेळी माझा हेतू चांगलाच असायचा. माझ्या हेतूबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती, खरी अडचण तीच होती.

आता ते सांगतो. मी राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारीही होतो. सहा वर्षांपूर्वी गांधी जयंतीला आम्ही स्टँड परिसराची सफाई घेतली. कार्यक्रमात एक बाब होती रस्त्याकडेच्या झाडांना रंग देण्याची. खाली गेरू आणि वर चुन्याचा पट्टा, आपल्याकडे सगळीकडे देतात तसा. उधई, म्हणजे वाळवी, लागत नाही म्हणतात, आणि रस्ता कसा नीटनेटका दिसतो. आदल्या दिवशी मी मुलांना वर्गात बसवून समजावलं. सुटलेल्या सालीखाली कीड लपते, म्हणून आधी खुरप्याने साल खरवडा आणि मग चुना भेगाभेगांत जिरवा. हे मी सांगत होतो, तोच मी, ज्याने आठ दिवसांपूर्वी त्या सालीखाली अंड्यांवर बसलेल्या माद्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ... पण मी पुढे म्हणालो, "सुरुवात शब्बीरभाईंच्या कडुलिंबापासून करा. त्या झाडाला काही कमी पडू देऊ नका." मला त्यांचा मान ठेवायचा होता. लोक विचारतील, असं कसं विसरलास? विसरलो नव्हतो. माझ्या डोक्यात कोळी एका खणात होते आणि कार्यक्रम दुसऱ्या खणात, आणि दोन्ही खण एकाच वेळी उघडायची मला कधी गरजच पडली नव्हती.

शब्बीरभाई त्या दिवशी सेल आणि पट्टे आणायला यवतमाळला गेले होते. अडीचच्या गाडीने परतले. मी झाडाशेजारीच उभा होतो, मुलं फोटो काढत होती. कमरेपर्यंत लालभडक गेरू, त्यावर पुरुषभर उंचीपर्यंत पांढराशुभ्र चुना. खोड अगदी गुळगुळीत. माझ्या मुलांनी काम मन लावून केलं होतं, मी शिकवलं होतं तसं. ते गाडीतून उतरले आणि पिशवी हातात तशीच धरून झाडाभोवती एक फेरी मारून आले. एका मुलीने विचारलं, "चाचा, कसं झालं झाड?" ते म्हणाले, "लय झकास केलं, पोराहो." मग सगळ्यांना चहा मागवला. मुलं निघून गेल्यावर माझ्याजवळ आले आणि हलकेच म्हणाले, "सर, बाया बसल्या होत्या न जी, अंड्यावर."

एवढंच. त्या दिवसाबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते एक वाक्य पुसून टाकायला मी काय काय केलं, ते आठवलं तरी लाज वाटते. पुढच्या रविवारी बादली आणि ब्रश घेऊन खोड घासत बसलो. कळंबच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या कडुलिंबावरून अकरा कोळी डबीत धरून आणले आणि या झाडावर सोडले. चुन्यावर त्यांना पायही टेकवेना, दोन दिवसांत एकही उरला नाही. म्हणजे आता मी दोन झाडं रिकामी केली. मग 'या झाडाला हात लावू नये' अशी पाटी रंगवून आणली आणि ती खिळ्यांनी त्याच खोडावर ठोकली. दुसऱ्या दिवशी शब्बीरभाईंनी पक्कड घेऊन ते खिळे एकेक करून उपटले. पाटी मला परत दिली. गावच्या कारभाऱ्यांना अर्ज दिला की, इथून पुढे झाडांना चुना लावू नका. पण आमच्या मोहिमेचा फोटो पेपरात आला होता आणि सगळ्यांना तो फार आवडला होता. त्यांनी दरवर्षी गेरू-चुन्याचा पायंडाच पाडला. माझा कार्यक्रम माझ्यावाचूनही उत्तम चालू राहिला.

तीन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन मी यवतमाळला मुलाकडे आलो, पण महिन्या-दोन महिन्यांनी राळेगावला चक्कर व्हायची. दुकानात शिरलो की बसायच्या आधीच विचारायचो, "दिसले का?" शब्बीरभाई भिंग डोळ्यावरून न काढता म्हणायचे, "नाई जी. अजून नाई." मग आम्ही इकडचं तिकडचं बोलायचो. शब्बीरभाईंच्या पत्नी, आमच्या भाभी, गेल्या तेव्हाही मी भेटायला गेलो आणि उठता उठता तेच विचारलं, इतका मी त्या प्रश्नाच्या मागे लागलेला होतो. कोळी परत आले असते तर मी सुटलो असतो. मला कोळ्यांची काळजी किती होती आणि माझ्या सुटकेची किती, हे आता तपासण्यात अर्थ नाही. ऑगस्टमधल्या शेवटच्या भेटीत ते फार थकलेले वाटले. छोट्या चक्राला चिमटा लागत नव्हता. मी तेच विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "आता कायले वाट पाहता, सर?" म्हणाले. "चहा घ्या, थंडा होऊन राह्यला."

मिट्टीच्या दिवशी मी खांदा दिला. कब्रस्तानातून परतताना स्टँडवरून आलो. झाडावर यंदाचा ताजा चुना होता. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं. मला त्या झाडाखाली उभं राहवेना, म्हणून गाडी सुटायच्या फार आधीच जाऊन बसलो आणि तासभर रिकाम्या एसटीत बसून राहिलो.

चाळिसाव्याला नसरीनने आवर्जून बोलावलं. फातिहा झाला, पंगत उठली, पाहुणे पांगले. मी निघालो, तेव्हा ती दारापर्यंत आली आणि मला काय झालं कोण जाणे, मी तिच्यासमोर रडलो. म्हणालो, "बेटा, त्यांच्या डोळ्यांदेखत एक जरी कोळी परत दिसला असता ना... तेवढं व्हायला हवं होतं." ती खाली पाहत उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. मग म्हणाली, "सर, थोडं इकडे येता काय?"

एक झाड आहे. तिने मला त्याच्यापाशी नेलं. खोडाभोवती जुन्या सुतळीचे चार-पाच वेढे होते, कुजून सालीत रुतलेले. ती सांगू लागली. त्या गांधी जयंतीला आम्ही सगळे चहा पिऊन गेल्यावर शब्बीरभाईंनी कचऱ्याचा ढीग उपसला. मुलांनी खरवडून टाकलेल्या सालीचा एकेक तुकडा भिंगाखाली धरून पाहिला. बहुतेक चिरडलेले होते. सात तुकड्यांवर पिशव्या शाबूत निघाल्या. ते तुकडे त्यांनी टिफिनच्या डब्यात घालून इथे आणले आणि सुतळीने या खोडाला बांधले. दोन पिशव्यांतली पिल्लं बाहेर आली. "तवापासून हायत," नसरीन म्हणाली. "दरसाल वाढूनच राह्यले. अब्बा सकाळी दुकानात जायच्या आधी अन् आल्यावर इथंच उभे राहत. गेले त्या दिवशी सकाळीबी पाहून गेलते."

सहा वर्षं. सहा वर्षं मी विचारत होतो आणि हा माणूस तोंडावर नाही म्हणत होता. खोटं कशाला लिहू, आधी मला संताप आला. शोकबिक सगळा बाजूला राहिला. "मला का नाही सांगितलं?" मी जवळजवळ ओरडलोच.

"मी म्हनत होती न जी त्याहिले," ती म्हणाली. "म्हनलं, अब्बा, सर बिचारे दर खेपेले पुसतात, सांगून टाका. मलेच कसंतरी होत होतं. त म्हने, 'सर लय भला मानूस हाय. सांगतलं त खूश होईन. खूश झाला का काहीतरी करीन.' मले कसम घातली होती." मग ती म्हणाली, "आता अब्बाच नाहीत. पाहाचं असन त पाहून घ्या. थंडीत आत घर बंद करून बसतात, असे दिसत नाहीत. साल जराशी उचलावी लागते. उचलू काय?"

तिने हात पुढे केला होता. साल सुटलेलीच होती, नखाने उचलली असती तरी निघाली असती. मला ते पाहायचे होते. आयुष्यात इतकी इच्छा मला फार थोड्या गोष्टींची झाली असेल. पाहिलं असतं तर मी सुटलो असतो, आणि त्या थंडीत त्यांचं घर उघडं पडलं असतं. "नको," मी म्हणालो. तिने हात मागे घेतला. आम्ही दोघं तिथे थोडा वेळ नुसते उभे राहिलो. काहीच दिसत नव्हतं, नुसती साल होती.

बसमध्ये संताप उतरला आणि मग जे काही उरलं, ते अजून उरलेलंच आहे. शब्बीरभाईंनी मला माफ केलं होतं की नाही, हे मला आता कधी कळणार नाही. त्यांनी मला ओळखलं मात्र होतं, माझ्या बायकोनेही ओळखलं नसेल इतकं. ते मला भला माणूस म्हणत होते आणि माझ्यापासून आपले कोळी लपवत होते, आणि दोन्ही बाबतींत त्यांचं बरोबर होतं.

झाड कुठलं, ते मी इथे लिहिणार नाही. कोणी भेटून विचारू नये, फोनही करू नये. राळेगावात मी शिकवलेली मुलं पुष्कळ आहेत. सगळी कामसू, भल्या मनाची मुलं आहेत.